ऑक्टोबरातला वाढदिवस : घरच्या घरी सजावट काय करता येईल?

पानसुपारी (१४ सप्टेंबर २०२५, रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. लेक ६ ऑक्टोबरला सात वर्षांची होतेय. सोमवार आहे, त्यामुळे शाळा सुटल्यावर संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम. पंधरा-सोळा पोरं आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आया. गाव पुणे.

झालंय असं, की गेल्या वर्षी वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला 'ऑटम थीम' होती. तेव्हापासून लेकीच्या डोक्यात तेच बसलंय. नारिंगी पानं, भोपळे, वरून लोंबणाऱ्या माळा. एका सजावटवाल्याला विचारलं तर ११,००० म्हणाला. फोटो बघितले, सगळी पानं प्लास्टिकची. खाली बारीक अक्षरात 'सामान कार्यक्रमानंतर परत नेले जाईल'. म्हणजे पानंसुद्धा भाड्याची!

माझं बजेट तीन हजार, फार ताणलं तर साडेतीन. शनिवार-रविवार हाताशी आहेत. सासूबाईंचा हात चांगला आहे, माझा यथातथाच. सुचवा काहीतरी.

दाभण_दोरा (१५ सप्टेंबर, सकाळी ७.०५)

ताई, आधी कालनिर्णय उघडा. ६ ऑक्टोबरला कोजागिरी आहे. गच्ची, चंद्र, मसाला दूध... अर्धी सजावट तर वरच टांगलेली आहे.

उरलेलं अर्धं काम झेंडूचं. दसरा २ तारखेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूला हात लावू नका, भाव डोक्यावर बसलेला असतो. दसरा उलटला की तोच झेंडू विकणाऱ्याला नकोसा होतो. ५ तारखेला पहाटे मार्केट यार्डात जा. मध्यम फूल घेतलंत तर किलोत शंभर-सव्वाशे बसतात. दाट ओवलीत तर त्यात अडीच-तीन मीटर माळ होते. सात-आठ किलोत गच्चीचा कठडा झाकेल.

ओवताना देठ पार खुडू नका, बोटाच्या पेराएवढा ठेवा. दाभण देठाच्या बाजूने घालून फुलाच्या मध्यातून काढायचं. आडवं ओवलेलं फूल तासाभरात मान टाकतं. आणि तयार माळा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. ही चूक मी केलीय, सकाळी उघडलं तर आत नुसता चिखल. ओल्या सुती कापडात सैल गुंडाळून फरशीवर ठेवायच्या.

बाराखडी (१५ सप्टेंबर, सकाळी ८.४०)

मिनेसोटाहून लिहितेय. आमच्याकडे मेपलची पानं आत्ताशी कडेने लाल व्हायला लागलीत, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत रस्ते भरून जातील. मी दर वर्षी पोरांबरोबर गोळा करते. वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून वर जाडजूड पुस्तकं, आठवडाभर. नुसती वाळवली की कुरकुरीत होतात आणि रंग मातकट होतो. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी अशा मिश्रणात तीन-चार दिवस बुडवून ठेवली तर मऊ राहतात, दोऱ्यात ओवता येतात. मेणकागदाच्या दोन तुकड्यांत पान ठेवून वरून कापड घालून इस्त्री फिरवली तर खिडकीला लावायला छान, उजेड आरपार येतो.

पण हे सगळं तुला तिथे कशाला सांगतेय असं लिहिता लिहिताच वाटलं. तुझ्याकडे मेपल कुठून येणार!

उगाच_एक (१५ सप्टेंबर, सकाळी ९.१५)

बाराखडी, नेमकं बोललात. आपल्याकडे शरदात पानं गळतच नाहीत. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. ऑक्टोबरात पुण्यातला पिंपळ पावसाने न्हाऊन हिरवागार उभा असतो आणि आपण पोरांना शिकवतो की शरद म्हणजे तपकिरी पानं. आश्विन-कार्तिकात आपल्याकडे शेतं पिकतात, आभाळ स्वच्छ होतं, आणि घामाच्या धारा लागतात. आता घामाची थीम कशी करायची ते तुम्ही बघा.

पानसुपारी (१५ सप्टेंबर, दुपारी १.५०)

दाभण_दोरा, कोजागिरी माझ्या लक्षातच नव्हती. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला केव्हाचं माहितीय, मला कुणी विचारलं का?"

उगाच_एक, :) पण सात वर्षांच्या मुलीला ऋतुचर्या ऐकवून चालत नाही. तिला 'पानं' हवीत.

उगाच_एक (१५ सप्टेंबर, दुपारी २.३०)

मग पिंपळाची जाळी करा. अजून तीन आठवडे आहेत, आज सुरू केलंत तर पुरेल. जून, जाड पानं बादलीत पाण्याखाली दाबून ठेवायची, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचं. गर सुटायला लागला की पान ताटात पाण्यात धरून जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच झटकायचं. खाली शिरांची जाळी राहते. ती कागदात दाबून वाळवायची. मागे दिवा ठेवलात तर तुमचा मेपल झक मारेल. वास येतो, आधीच सांगून ठेवतो.

रंकाळा_काठ (१५ सप्टेंबर, सायं. ६.१०)

वाढदिवस हस्त नक्षत्रात येतोय की! सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमाराला हस्तात जातो, पुढचे दोनेक आठवडे तिथंच. मग वेगळे खेळ कशाला शोधताय? पाटावर हत्ती काढा आणि फेर धरा. तुमच्याकडचा भोंडला, आमचा कोल्हापूरकडचा हादगा. खिरापतीचा डबा हलवून "आत काय?" ओळखायला लावा. सगळ्या खेळांत तोच सगळ्यात जास्त रंगतो, स्वानुभव.

सजावटीचं म्हणाल, तर आमच्या लहानपणी हादग्याचं चित्र भिंतीवर लावायचो, समोरासमोर दोन हत्ती. त्याला फळांच्या माळा घालायच्या. फळं म्हणजे हाताला लागेल ते. ओल्या भुईमुगाच्या शेंगा, भेंडी, कोवळी कारली, लिंबं, शिंगाडे. सुईदोरा घेऊन दुपारभर ओवत बसायचं. निम्म्या शेंगा माळेत आणि निम्म्या पोटात. पोरांना बोलावून पहिला तासभर हेच करायला लावा, सजावट पाहुणेच करतील. मिरच्या मात्र देऊ नका. एकदा माझ्या चुलतभावाने तोच हात डोळ्याला लावला आणि हादगा राहिला बाजूला.

दुसरं, फुलोरा. नवरात्रात घटावर कडाकण्या टांगतात तसा. बारीक रवा आणि मैदा साखरेच्या पाण्यात घट्ट भिजवायचा, गरम तुपाचं मोहन, पापडासारखं पातळ लाटायचं आणि फुगू नये म्हणून काट्याने टोचे मारायचे. दोऱ्याचं भोक तळण्याआधी पाडा, नंतर पाडाल तर तुकडे हातात येतील. गोल कडाकण्यांबरोबर देवीची वेणी-फणी करतात. तुम्ही चंद्र, चांदण्या, हत्ती, पानं, हवं ते कापा.

आणि एक विचारायचं राहिलं. लेक थोरली का?

पानसुपारी (१५ सप्टेंबर, सायं. ६.४०)

थोरली आणि धाकटी, दोन्ही तीच. एकुलती एक. का हो?

रंकाळा_काठ (१५ सप्टेंबर, सायं. ७.००)

मग कोजागिरीला तिची आश्विनी करायची! घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात त्या दिवशी, नवीन कपडे देतात. सासूबाईंना विचारा. केक कापायच्या आधी औक्षण, मग दोन्ही एकदमच.

पानसुपारी (१५ सप्टेंबर, सायं. ७.२५)

विचारलं. "तुझ्या नवऱ्याची पंचवीस वर्षं केली मी" असं उत्तर आलंय.

वऱ्हाडी_ठेचा (१५ सप्टेंबर, रात्री ९.००)

आमची भुलाबाई ऱ्हायली ना बाप्पा! भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते, कोजागिरीला उठते. त्या दिवशी ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर करतेत. धांडे म्हणजे ताटं, पानांसकट हिरवी. वर शेंडे एकत्र बांधायचे, खाली पाय फाकवायचे, झाला मांडव. पोरगी त्यात पाटावर बसली की फोटोला दुसरं काही लागत नाही. पुण्यात हडपसर, मांजरीकडे कोणाच्या वावरात भेटून जातील धांडे. नाही भेटले तर ऊस घ्या, तो कुठंही मिळते. कार्यक्रम संपला की पोरं मखर खाऊन टाकतीन.

गच्चीवरचा_वारा (१६ सप्टेंबर, सकाळी १०.३०)

सगळं वाचलं, छान आहे. पण मला एक कळत नाही. पोरीला भोपळे आणि नारिंगी पानं हवीत, तर देऊन टाका की. वाढदिवस तिचा आहे, महाराष्ट्राच्या लोकसंस्कृतीचा नाही. चारशे रुपयांत फुग्यांची कमान येते, प्लास्टिकच्या काड्यांवर फुगे, थर्माकोलचे आकडे, अर्ध्या तासात विषय संपतो. नोकरी करणाऱ्या बाईला धांडे शोधत मांजरीला पाठवताय तुम्ही.

खळ_कात्री (१६ सप्टेंबर, सकाळी ११.४५)

लेकीचं मन मोडू नये हे बरोबर. पण तुम्ही सांगितलेल्यातल्या दोन वस्तूंवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभरात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तू बंद झाल्या, त्या यादीत फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल नावानिशी आहेत. महाराष्ट्रात तर २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासूनच सजावटीच्या थर्माकोलला मनाई आहे. दुकानात मिळतो हे खरं. मिळतं तर बरंच काही.

शिवाय ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी तीनला गच्चीवर फुग्यांची कमान बांधा आणि सहापर्यंत किती उरतात ते मोजा. माझ्या भाच्याच्या वेळी अठरा राहिले होते. ऐंशीतले.

गच्चीवरचा_वारा (१६ सप्टेंबर, दुपारी १२.१०)

काड्यांचं माहीत नव्हतं. मागे घेतो. वेळेचा मुद्दा मागे घेत नाही.

नाचणीची_भाकरी (१६ सप्टेंबर, रात्री ८.२०)

मी राजापूरची. आमच्याकडे नवं बांधतात, कुणी दसऱ्याला, कुणी या पौर्णिमेला. म्हणून तिला नव्याची पौर्णिमा म्हणतात. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, झेंडूचं फूल आणि कुरडूचा तुरा, सगळं एकत्र दोऱ्याने बांधायचं आणि दाराला लावायचं. अशा सोळा जुड्या बांधल्यात तर सजावटही होईल आणि जाताना एकेक पोराच्या हातात देता येईल.

यातला कुरडू लक्षात ठेवा. पडीक जमिनीत तण म्हणून उगवतो, वर गुलाबी-पांढरे तुरे, शेंड्याला गडद आणि खाली रुपेरी. फुलदाणीत पाण्याशिवाय ठेवला तरी महिनोन्‌महिने तसाच राहतो, रंग थोडा उतरतो इतकंच. पुण्याच्या भोवतीही भरपूर दिसतो. आणलात की आधी कागदावर झटका, काळ्या चकचकीत बिया मोहरीसारख्या पडतात. झटकला नाहीत तर पुढचे दोन दिवस घरभर झाडू.

वर कुणीतरी आपट्याच्या डहाळ्या सुचवायच्या आत सांगते, नको. दसऱ्याला झाडं ओरबाडली जातात ती पुरे. सोनेरी कार्डपेपर दुमडून अर्धं पान कापा आणि उलगडा. दोन पाकळ्यांचं पान मुलांनाही जमतं.

दाभण_दोरा (१६ सप्टेंबर, रात्री ८.५५)

+१. बाजारात आपटा म्हणून निम्म्या वेळा कांचनाची पानं विकतात ते वेगळंच.

खळ_कात्री (१७ सप्टेंबर, दुपारी ३.१५)

कंदिलांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. कामट्यांचा मोठा आकाशकंदील सात वर्षांच्या मुलांकडून होत नाही, बांबूची कूस बोटात जाते. त्यापेक्षा छोटे करा. घोटीव कागद लांबीत मधोमध दुमडायचा. घडीच्या बाजूने कात्री लावायची, बोटभर अंतराने चिरा, पण समोरच्या कडेला इंचभर जागा सोडून. उलगडून गोल वळवा, कडा चिकटवा, वरून हलकेच दाबा, पोट फुगतं. आत वेगळ्या रंगाची साधी नळी बसवली की चिरांमधून तो रंग दिसतो. खाली झिरमिळ्या, वर दोरा. नारिंगी, पिवळा आणि लाल एवढेच रंग घ्या, लेकीचा 'ऑटम'ही आपोआप येईल.

चिकटवायला खळ करा. वाटीभर थंड पाण्यात दोन चमचे मैदा कालवून मग गॅसवर ठेवायचं, मंद आच, चमचा थांबवायचा नाही. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. ते विषारी, मुलं असताना घालू नका. रोज ताजी करा.

आत पणती ठेवायचा मोह नको, कागद आहे तो. बॅटरीच्या दिव्यांची माळ सोडा. पणत्या कठड्याच्या कोपऱ्यात, माळांपासून लांब. नव्या असतील तर आधी तासभर पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर तेल पिऊन टाकतात.

पानसुपारी (२८ सप्टेंबर, रात्री १०.४०)

प्रगती अहवाल.

पिंपळ : वीस पानं टाकली होती. बाल्कनीत आता असा वास येतोय की नवऱ्याने दोनदा ड्रेनेजवाल्याला फोन केला. मी गप्प बसले. ब्रश मारताना दहा फाटली, चार अजून गर सोडायला तयार नाहीत, सहा आली. पण त्या सहांबद्दल काय सांगू! लेकीने एक ट्यूबलाइटसमोर धरलं आणि म्हणाली, "आई, पानाला पण रस्ते असतात."

खळ : पहिली गुठळ्यांची झाली कारण मी मैदा थेट गरम पाण्यात टाकला. दुसरी उत्तम जमली, पण रविवारसाठी म्हणून शनिवारीच करून ठेवली, ती रात्रीत आंबली. तिसरी सासूबाईंनी केली. एकवीस कंदील तयार.

धांडे मिळाले नाहीत. गच्चीवरचा_वारा बरोबर होते, मला मांजरीला जायला वेळ झाला नाही. उसाची पाच कांडी सांगून ठेवलीत रसवाल्याकडे.

गच्चीवरचा_वारा (२८ सप्टेंबर, रात्री ११.०५)

हे मी फ्रेम करून ठेवणार.

पानसुपारी (८ ऑक्टोबर, रात्री ९.५०)

झाला एकदाचा वाढदिवस! जसं झालं तसं लिहिते.

झेंडू ५ तारखेला पहाटे आणला, सात किलो, दाभण_दोरांनी सांगितलं तसा. रात्री एक वाजेपर्यंत ओवत होतो. देठ ठेवायचं मला पहिल्या दोन माळांनंतर आठवलं. त्या दोन माळा सोमवारी दुपारीच लोळल्या, बाकीच्या आजही ताठ आहेत.

कडाकण्या रविवारी तळून लगेच टांगल्या, ही चूक. हवा दमट होती, सोमवारी दुपारपर्यंत सादळून चामड्यासारख्या झाल्या. सासूबाईंनी उतरवल्या, तव्यावर मंद आचेवर परत कुरकुरीत केल्या आणि पाहुणे जिना चढायला लागल्यावर पुन्हा बांधल्या. तर रंकाळा_काठ, तुमच्या कृतीत एवढं घाला : फुलोरा अगदी शेवटच्या अर्ध्या तासात बांधायचा. तो टिकला वीस मिनिटं. उंच पोरांनी बुटक्यांना तोडून दिल्या. केकच्या वेळी वर नुसते दोरे लोंबत होते.

फळमाळेला शेंगा, भेंडी आणि शिंगाडे ठेवले होते. मला वाटलं होतं पाच मिनिटांत कंटाळतील. पाऊण तास एक शब्द नाही. एका मुलाने फक्त भेंड्यांची माळ केली, गळ्यात घातली आणि तशीच घरी नेली. त्याची आई दुसऱ्या दिवशी म्हणाली, भाजी करू देत नाहीये.

फसलेलं म्हणजे कंदील. कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकाच दोरीवर एकवीस लावले, साडेसहाला वारा सुटला आणि सगळे एकमेकांत गुंतून एक गठ्ठा झाला. सोडवताना नऊ फाटले. प्रत्येकाला खाली वजन हवं होतं किंवा दोरीला दोन्हीकडून ताण. सहाच्या सहा पिंपळपानं मात्र टाकीच्या भिंतीला दिव्यासमोर लावली होती, आयांनी सगळ्यात जास्त फोटो त्यांचे काढले.

भोंडल्याचा हत्ती पाटावर रांगोळीने नवऱ्याने काढला. पोरांचं एकमत झालं की तो गेंडा आहे. फेर धरला गेंड्याभोवती. खिरापत कुणालाच ओळखता आली नाही (डब्यात उकडलेले शिंगाडे होते).

उसाच्या मखरात बसवून औक्षण केलं. आधी सासूबाईंनी, मग माझ्या आईने. नवऱ्याने हळूच विचारलं, "माझी आश्विनी बंद झाली का आता?" सासूबाईंनी त्यालाही तिथेच पाटावर बसवलं. सोळा पोरांसमोर चाळीस वर्षांचा माणूस टोपी घालून. लेकीला अख्ख्या वाढदिवसातलं हेच सगळ्यात आवडलं म्हणे.

खर्च ३,२४० झाला. दूध वेगळं. सहा लिटर आटवून साडेचार केलं, तरी बदाम गाळून ठेवणारी पोरं निघालीच.

आणि हो, भोपळा. लेकीचा हट्ट म्हणून एक लाल भोपळा आणला होता, तिने त्यावर डोळे-नाक रंगवलं. तो अजून हॉलमध्ये बसून बघतोय आमच्याकडे. त्याचं काय करू?

नाचणीची_भाकरी (८ ऑक्टोबर, रात्री १०.१५)

रंग सालीवरच आहे ना? साल जाड काढा आणि घारगे करा. दोन वाट्या कीस, एक वाटी गूळ, शिजवून गार झालं की मावेल तेवढी कणीक, थोडी तांदळाची पिठी, वेलची, चिमूटभर मीठ. पाण्याचा थेंब घालू नका.

बाराखडी (१२ ऑक्टोबर, सकाळी ६.३०)

हे वाचून मीही घारगे करायचं ठरवलं होतं. पायरीवर मुलांनी कोरलेला भोपळा ठेवला होता, काल बाहेर गेले तर खारींनी डोळ्यांतून आत शिरून अर्धा फस्त केलेला. उरलेल्यात एक आत बसलीय, मला बघून हलतसुद्धा नाहीये.

पानसुपारी (१२ ऑक्टोबर, सकाळी ८.१०)

लेकीला वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी तिला खारवाला भोपळा हवाय.